वार पाहून जावे असे शहर

ब्राझीलला निघालेल्या प्रवाशाची पावले प्रथम रिओकडे वळतात ती त्या नगरीच्या छायाचित्रांमुळे. आणि जे चित्रात पाहिले तेच डोळ्यांनी पाहून परतण्यात ज्याला समाधान वाटते त्याने खुशाल रिओलाच जावे. परंतु हा देश कोणाच्या श्रमाने उभा राहिला, आणि त्या श्रमिकांनी आपले देव, आपले अन्न व आपला ताल धन्याच्या डोळ्यांदेखत कसा जतन केला, हे जाणण्याची ज्याला हौस आहे त्याने ईशान्य किनाऱ्यावरील साल्वादोर गाठावे. बाहिया प्रांताची ही राजधानी, वस्ती सुमारे २४ लाखांची. १५४९ साली पोर्तुगालच्या राजाने धाडलेल्या तोमे दे सोउझा या पहिल्या गव्हर्नर-जनरलने ती वसविली आणि १७६३ मध्ये राजधानीचा मान रिओकडे जाईपर्यंत साऱ्या वसाहतीचा कारभार येथूनच हाकला गेला. येथे येणाऱ्याच्या हाती बहुधा प्रेक्षणीय स्थळांची एक यादी असते. माझी सूचना अशी की, ती यादी बाजूला ठेवून आधी वार पाहावा. कारण या शहरातील देवळे, बाजार आणि रस्ते वाराप्रमाणे आपले रूप पालटतात, आणि मंगळवारी जे दिसते ते बुधवारी शोधून सापडत नाही.

प्रथम शहराची ठेवण ध्यानात घ्यावी. सर्व संतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशाल उपसागराच्या मुखाशी एक उभा कडा आहे. कड्यावर देवालये, कचेऱ्या आणि धनिकांचे वाडे, तर पायथ्याशी बंदर, गुदामे आणि जकातघर, अशी वरचे शहर व खालचे शहर ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे. माल आणि माणसे वर नेण्याचे काम दीर्घकाळ गुलामांच्या खांद्यांवर होते. पुढे आंतोनियो दे लासेर्दा यांनी १८७३ साली पाण्याच्या दाबावर चालणारा सार्वजनिक पाळणा बांधला; त्याची आज दिसणारी, ७२ मीटर उंचीची इमारत १९३० सालची असून आतील यंत्रे विजेवर चालतात. अर्ध्या मिनिटाचा हा प्रवास प्रेक्षणीय मुळीच नाही, कारण पाळण्याला खिडकीच नाही. दाटीने उभे राहिलेले कारकून, पिशव्या सावरणाऱ्या बाया आणि शाळेची पोरे एवढेच दिसते, आणि दार उघडताच समोर एकदम निळे पाणी येते. खालच्या दारासमोर जे जुने जकातघर आहे, १८६१ सालचे, त्यात आता कलाकुसरीच्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथील मालाविषयी मला फारसे ममत्व नाही. इमारत मात्र अवश्य पाहावी.

या बंदराचे गोव्याशी जुने नाते आहे. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे दुरुस्ती, पाणी आणि अन्नसामग्री यांसाठी येथे थांबत. आणि राजाच्या कायद्याने मनाई असो वा परवानगी, हिंदुस्थानी सुती कापडाचा काही हिस्सा येथेच उतरून जाई. आंबा व फणस पोर्तुगिजांच्या हातूनच आपल्याकडून तिकडे गेले, काजू तिकडून आपल्याकडे आला. बाहियातील रस्त्याच्या कडेला फणस चिरून बसलेला विक्रेता पाहून कोकणी माणसाला नवल वाटेल; पण त्या विक्रेत्याला फणस आपल्याच मातीतला वाटतो, आणि काजूविषयी आपली समजूत तरी याहून कोठे निराळी आहे?

वरच्या शहरातील जुना भाग म्हणजे पेलोरिन्यो. रंगीत दर्शनी भिंतींची घरे, उताराचे दगडी रस्ते आणि पावलोपावली चर्च असा हा परिसर १९८५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाला. परंतु ज्या खांबाला बांधून गुलामांना भरचौकात फटके मारीत त्या खांबावरून हे नाव पडले आहे, ही गोष्ट त्या रंगांच्या भरात विसरू नये. गेल्या शतकाच्या अखेरीस सरकारने येथील पडझड झालेल्या वास्तूंचा जीर्णोद्धार केला, तेव्हा भिंतींना रंग चढले आणि त्या भिंतींआड पिढ्यान्‌पिढ्या राहणारी गरीब कुटुंबे मात्र मोठ्या संख्येने बाहेर पडली. येथील संत फ्रान्सिसच्या चर्चचा अंतर्भाग सोन्याच्या वर्खाने इतका मढविला आहे की, भाविकालाही प्रार्थनेआधी त्याच्या किमतीचाच विचार सुचावा. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या छताचा भाग कोसळून एका तरुण प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला. म्हणून ते दर्शनासाठी खुले आहे की नाही याची चौकशी करूनच जावे.

त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते उताराच्या मध्यावर उभे असलेले निळ्या दर्शनी भिंतीचे चर्च. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसे गुलाम म्हणून आणली गेली. अमेरिका खंडातील दुसऱ्या कोणत्याही मुलखात इतकी आणली गेली नाहीत, आणि गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये ज्यांना मानाची जागा नव्हती त्या कृष्णवर्णीयांनी आपला संघ स्थापून, धन्याचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात, अठराव्या शतकाचा बराच भाग खर्ची घालून हे मंदिर उभारले. मंगळवारी सायंकाळी येथे प्रार्थना होते ती ढोलांच्या साथीने: वेदी कॅथलिक, शब्द पोर्तुगीज, ताल मात्र आफ्रिकेचा. प्रार्थना संपली की आजूबाजूच्या चौकांतून वादकांचे जथे निघतात आणि रात्र पडेपर्यंत उतार दणाणून जातो. प्रवाशाने मागल्या बाकावर बसावे, आणि छायाचित्रे काढण्याचा मोह त्या तासापुरता आवरावा.

शुक्रवार खालच्या शहराच्या टोकाला, बोंफिमच्या टेकडीवर घालवावा. आफ्रिकेच्या योरुबा लोकांचे देव, ज्यांना ओरिशा म्हणतात, या भूमीत ख्रिस्ती संतांच्या आडोशाने पूजिले गेले. कांदोम्ब्ले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या धर्माच्या उपासनास्थानांना बाहियात १९७६ पर्यंत पोलिसांचा परवाना काढावा लागे. बोंफिमचा ख्रिस्त म्हणजेच शुभ्रवस्त्रधारी पितृदेव ओशाला अशी भाविकांची श्रद्धा असून शुक्रवार हा ओशालाचा वार. त्या दिवशी शहरात पांढरे कपडे घातलेली माणसे अधिक दिसतात, त्याचे कारण हे. चर्चच्या लोखंडी कठड्याला हजारो रंगीत फिती बांधलेल्या असतात. मूळची फीत मूर्तीच्या हाताच्या लांबीची, ४७ सेंटिमीटर भरणारी होती. आता ती मनगटाला बांधताना तीन गाठी मारतात, प्रत्येक गाठीला एक इच्छा, आणि फीत आपोआप झिजून तुटेपर्यंत तोडायची नाही असा दंडक आहे. बाजूच्या एका दालनात नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेले मेणाचे व प्लास्टिकचे हात, पाय, डोकी छतापासून टांगलेली आढळतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे अवयव वाहणाऱ्या मुंबईकराला येथे परके वाटण्याचे काही कारण नाही. जानेवारीतील एका गुरुवारी सुमारे आठ किलोमीटरची मिरवणूक येथे येते आणि शुभ्र घागरे ल्यालेल्या स्त्रिया सुगंधी पाण्याने चर्चच्या पायऱ्या धुतात. चर्चची दारे त्या वेळी बंद असतात. धर्मपीठाची या आफ्रिकी वळणाच्या विधीवर पूर्वीपासून वक्रदृष्टी आहे, आणि लोकांनी तिची पर्वा केलेली नाही.

याच शुभ्र वेषातील स्त्रिया, ज्यांना बायाना म्हणतात, रस्त्याच्या कोपऱ्यावर आकाराजे तळीत बसलेल्या दिसतात. चवळी भिजवून, तिची साले काढून, कांद्यासह वाटलेले पीठ लाकडी पळीने फेटून फेटून हलके केले जाते. मग दोन चमच्यांनी त्याचा गोळा घडवून तो ताडाच्या तांबड्या तेलात सोडतात, आणि तेल करपू नये म्हणून त्यात एक अख्खा कांदा तरंगत ठेवतात. तळलेला गोळा मधोमध चिरून त्यात भेंडीचे कालवण, नारळाच्या दुधात शिजविलेले दाट सारण, सुकी कोळंबी आणि विचारून तिखट भरतात. शाकाहारी माणसाने नुसता तळलेला गोळा मागावा. सारणात आणि भेंडीतही कोळंबी असते. हे अन्न म्हणजे वादळाची देवता यान्सा हिचा नैवेद्य होय. गुलामगिरीच्या काळी धन्याला ठरलेली रक्कम देऊन उरलेली मिळकत स्वतःकडे ठेवायची अशा बोलीवर स्त्रिया तो रस्त्यावर विकीत, आणि त्या साठवणीतून कित्येकींनी आपले स्वातंत्र्य विकत घेतले. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मैदानाच्या आवारात त्यांना मज्जाव होण्याची चिन्हे दिसताच त्यांनी रीतसर हरकत घेतली, आणि आयोजकांना माघार घ्यावी लागली.

कार्निव्हलच्या दिवसांत आलेल्या भारतीयाला येथे एक अनपेक्षित दर्शन घडते. हजारो पुरुष, पांढरे अंगरखे, डोक्याला टॉवेलचे फेटे, गळ्यात निळ्यापांढऱ्या मण्यांच्या माळा, आणि समोर गांधीजींची प्रतिमा! महात्माजींच्या हत्येला जेमतेम एक वर्ष झाले असता, १९४९ च्या फेब्रुवारीत, बंदरावरील गोदी-हमालांनी ‘गांधीपुत्र’ अशा अर्थाच्या नावाने हा संघ काढला. कामाची मंदी होती, कृष्णवर्णीय मजुरांच्या मिरवणुकीकडे पोलीस संशयाने पाहत, आणि शांतीच्या पुरस्कर्त्याचे नाव पुढे केल्यास कोणी हात उचलणार नाही असा हिशेब त्यात होता असे म्हणतात. पहिला वेष चादरी आणि टॉवेल यांचाच. आज तेच पोशाख विकत घ्यावे लागतात. मिरवणुकीत वाजतो तो कांदोम्ब्लेचा ताल, आणि निघण्यापूर्वी ओरिशांना अर्घ्य दिले जाते. गांधीजींना हे कितपत रुचले असते या प्रश्नात मी पडत नाही, पण बंदरावरच्या हमालांनी त्यांना आपला म्हणावे यात वावगे काय आहे?

आता व्यवहाराच्या गोष्टी. रस्त्यावर मोबाइल हातात मिरवू नये, खालच्या शहरातील कचेऱ्यांचा भाग सायंकाळनंतर व रविवारी ओस पडतो तेव्हा तेथे पायी फिरू नये, आणि पेलोरिन्योतही रात्री उजेडाचे व वर्दळीचे रस्ते सोडू नयेत. स्थानिक माणूसही हेच सांगेल. कांदोम्ब्लेच्या उपासनेला जायचे झाल्यास पूर्वी विचारून, फिकट वस्त्रे लेवून जावे. इंग्रजी फार थोड्यांना येते, तेव्हा पोर्तुगीजचे आठदहा शब्द पाठ करावेत. भारतातून थेट विमान नसल्याने साओ पाउलोसारख्या ठिकाणी उतरून पुढे जावे लागते, आणि घड्याळ साडेआठ तास मागे न्यावे लागते. व्हिसा आगाऊ काढावा लागतो. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला तर विसरूच नये: तो नसल्यास परतताना आपल्याच देशातील आरोग्याधिकारी प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस टोचल्यापासून दहा दिवस लोटल्याखेरीज दाखला ग्राह्य धरला जात नाही, सबब तिकिटाच्या खटपटीबरोबरच तिचीही तजवीज करावी.