मे महिन्यात काशी? जरूर, पण तिथल्या घड्याळाने

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की मराठी घरात काशीचा विषय निघतो आणि कुणीतरी लगेच मोडता घालतं: उन्हाळ्यात काशी म्हणजे भाजून निघणं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर मुलांच्या परीक्षा येतात, मग लग्नसराई, आणि आजी-आजोबांची यात्रा आणखी एक वर्ष पुढे जाते. उन्हाची भीती खोटी नाही. वाराणसीत मे महिन्यात कमाल तापमान सरासरी 40 अंशांच्या आसपास असतं, काही दिवस ते 45च्या घरात जातं आणि दुपारी पश्चिमेकडून लू वाहते. ही हवा कोरडी असते. मुंबईकराला घाम गाळायची सवय. इथे घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, म्हणून अंगातलं पाणी किती कमी झालं हे कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी, पन्हं, बेलाचं सरबत पोटात जात राहिलं पाहिजे. एवढं सगळं खरं असूनही यात्रा फसते ती बहुतेक वेळा वेळापत्रकामुळे.

सहल आखणारे मुंबई-पुण्याच्या सवयीने सकाळ मोजतात. आठला नाश्ता, नऊला बाहेर. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते मिर्झापूरजवळून जातं, म्हणजे वाराणसीच्या अगदी शेजारून. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर वाराणसीत पाच-सव्वापाचला. सूर्य डोक्यावर येतो तोही बाराच्या आधी. म्हणजे नऊ वाजता हॉटेलातून निघालेलं कुटुंब तिथल्या उन्हाच्या हिशेबाने जवळजवळ दहाला निघालेलं असतं.

त्यात घाटांची रचना. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत आणि त्यांची तोंडं पूर्वेला. पहिल्या किरणापासून पायऱ्यांचा दगड तापायला लागतो आणि नऊच्या सुमारास अनवाणी माणूस चटके खात पावलं उचलतो. संध्याकाळी उलटं होतं. सूर्य घाटांमागच्या उंच वास्तूंच्या पाठीशी जातो आणि साडेचार-पाचपासून पायऱ्यांवर सावली पसरते. दगडातली धग जिरायला वेळ लागतो, पण डोक्यावर ऊन नसतं. म्हणून पहाटे साडेचार ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधला सगळा वेळ छपराखाली, हीच उन्हाळ्यातली काशी. अस्सी घाटावर 2014पासून 'सुबह-ए-बनारस' हा पहाटेचा कार्यक्रम होतो. आरती, राग आणि योग, सगळं ऊन चढायच्या आत उरकतं. दुपारी कुठे जावंच लागलं तर जुन्या शहरातल्या गल्ल्या बऱ्या: दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं आणि मधे इतकी चिंचोळी वाट की ऊन फरशीपर्यंत पोचतं ते जेमतेम मध्यान्हाला.

मग पावसाळ्यात जावं, हवा तरी थंड असेल, असा एक सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, पुढे गंगा चढते आणि पुराच्या दिवसांत होड्या बंद होतात. पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट तुटते, दशाश्वमेधावरची आरती गच्चीवर न्यावी लागते. मे महिन्यात मात्र पाणी खाली गेलेलं असतं. अस्सीपासून राजघाटाकडे काठाकाठाने मैलोगणती चालत जाता येतं आणि पहाटे होडीही मिळते.

पाणी उतरल्याचा खरा लाभ मणिकर्णिकेच्या शेजारी दिसतो. तिथे शिंदे घाटाच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचं मंदिर एका बाजूला कललेलं उभं आहे. कल सुमारे नऊ अंशांचा सांगतात. पिसाचा मनोरा सुमारे चार अंशांनी कलला आहे. वर्षातले बरेच महिने याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो. उन्हाळ्यात नदी मागे सरते, गाळ उपसला जातो आणि दारातून आत डोकावता येतं: खांबांवरचं कोरीव काम, कोपऱ्यांत सुकून तडकलेला चिखल, भिंतींवर पाणी चढल्या-उतरल्याच्या रेघा. वाराणसीच्या टांकसाळीत 1820 ते 1830 काम केलेल्या जेम्स प्रिन्सेपने या मंदिराचं चित्र काढलं आहे. प्रवेशद्वार पाण्याखाली असताना पुजारी बुडी मारून पूजेला जात, अशी त्याची नोंद आहे. अनेक वाटाडे यालाच 'काशी करवत' म्हणून दाखवतात. ते चूक आहे. काशी करवत हे गल्ल्यांच्या आत वसलेलं वेगळं मंदिर आहे. अहिल्याबाई होळकरांच्या रत्ना नावाच्या दासीने रत्नेश्वराचं मंदिर बांधलं आणि शापाने ते कललं, ही कथा ऐकायला छान आहे, पण ती कथाच.

उन्हाळ्यात गर्दी नसते, हाही भ्रम. देशभरच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते. शिवाय ज्येष्ठ अधिक आला तर हिशेबच बदलतो. 2018मध्ये तो आला होता आणि 2026मध्ये 17 मे ते 15 जून पुन्हा अधिक ज्येष्ठ आहे. अधिक मासात काशीची पंचक्रोशी करायची मोठी परंपरा आहे: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम आणि सुमारे 80 किलोमीटरची वाट, अनेक जण ती अनवाणी चालतात. अशा वर्षी राहण्याची सोय आधी आणि तिकीट नंतर, असा क्रम ठेवलेला बरा.

तिकिटाची मुदतही आता बदलली आहे. चार महिने आधी आरक्षण करायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं की 1 नोव्हेंबर 2024पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. मुंबईहून सुटणारी महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावर निघते, त्यामुळे तारीख एका दिवसाने चुकलेली कुटुंबं फलाटावर भेटतात. उतरायचं कुठे, हा तिसरा घोळ. काशी हे वेगळं स्टेशन आहे, राजघाटाजवळचं. वाराणसी जंक्शन म्हणजे तिथल्या बोलीतलं कँट. 2021मध्ये मंडुवाडीहचं नाव बनारस झालं. आणि मुगलसराय, म्हणजे आजचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, नदीपलीकडे शहरापासून सुमारे 17 किलोमीटरवर आहे.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की घाट आणि मंदिरं जशी आज दिसतात तशीच पुराणकाळापासून उभी आहेत. स्थानं प्राचीन आहेत. दगड मात्र बराचसा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला आणि त्यातला मोठा वाटा मराठ्यांचा. आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780मध्ये पूर्ण करवलं. शिखरावरचं सोनं पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिलं, आणि भोवतालचा प्रशस्त परिसर 13 डिसेंबर 2021ला खुला झाला. दशाश्वमेध घाटाची बांधणी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली मानली जाते. शिंदे घाट बायजाबाईंचा, भोसले घाट नागपूरकरांचा, मुन्शी घाट नागपूर दरबारच्या श्रीधर मुन्शींचा. पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं आजचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलं. दशाश्वमेधावरची दिव्यांची आरती ज्या थाटात आज होते, तो थाट तर 1990च्या दशकातला आहे.

म्हणूनच काशीत मराठी माणूस पाहुणा म्हणून जातो, हे पूर्ण खरं नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहिली. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट सोळाव्या शतकात काशीत होते. त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आले. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, अस्सीजवळच्या भदैनीत जन्मली. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हेही 1883 साली काशीत जन्मलेले मराठी. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी या मोहल्ल्यांसाठी एक सकाळ राखून ठेवावी. सहल कंपन्यांच्या यादीत ते क्वचितच असतात.

नारायणभट्टांनीच प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. तिन्ही क्षेत्रं एकाच दमात केली नाहीत तर यात्रा अपुरी, असा समज त्यातून घट्ट झालेला दिसतो. वाराणसीहून प्रयागराज सुमारे 120 किलोमीटर, गया साधारण 250. ज्येष्ठातल्या उन्हात सत्तरी ओलांडलेल्यांना तीन दिवसांत हे करायला लावणं चुकीचंच आहे. काशीत चार दिवस निवांत राहावं आणि गयेचं श्राद्ध थंडीसाठी ठेवावं. विश्वनाथ मंदिरात मोबाइल आणि पिशव्या नेता येत नाहीत, त्या लॉकरमध्ये ठेवायचा वेळ धरावा. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

राहिलं खाणं. मित्रांनी सांगितलेली मलइयो मे महिन्यात शोधू नये. दुधाचा हा हलका फेस थंडीतल्या रात्रीच्या दवावर जमतो आणि उन्हाळ्यात मिळतच नाही. सकाळी गरम कचोरी-जिलेबी, दुपारी कुल्हडातली लस्सी किंवा ठंडाई, हा उन्हाळ्याचा आहार. बनारसी लंगडा आंब्याला 2023मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो मेमध्ये पिकत नाही; जूनच्या मध्यापासून बाजारात येतो. मुंबई-पुण्याच्या शाळा तोवर उघडतात. विदर्भातल्या उघडतात जूनच्या अखेरीस, त्यामुळे नागपूर-अमरावतीच्या कुटुंबांनी जूनचा तिसरा आठवडा धरला तर पाऊस लागायच्या आत त्यांना घाटही मिळतात आणि लंगडाही.