घरातील मत्स्यालय आणि भारतीय सिक्लिड

सिक्लिड हे नाव मराठी वाचकास परके वाटेल. परंतु या कुळातील एक मासा कोकण व गोव्याच्या खाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पकडला जात आहे. तो मासा म्हणजे कालुंदर. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, व २०१० साली त्या राज्याने त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. सिक्लिड कुळाचा खरा विस्तार आफ्रिका व अमेरिका या खंडांत झाला असून तेथे त्याच्या जाती शेकड्यांनी मोजाव्या लागतात. भारताच्या वाट्याला मूळच्या अशा तीनच जाती आल्या: कालुंदर, दक्षिण कर्नाटकातील मोजक्या नद्यांत आढळणारा त्याचा भाऊबंद, आणि या दोहोंहून लहान असा नारिंगी क्रोमाइड. त्यांचे सर्वांत जवळचे आप्त मात्र मादागास्कर बेटावर राहतात.

घरी किंवा शाळेत मत्स्यालय मांडावयाचे झाल्यास या तिघांपैकी नारिंगी क्रोमाइड निवडावा. कालुंदर सहज वीतभर वाढतो व लहान टाकीत त्याची कुचंबणा होते. कर्नाटकातील जात फारच थोड्या प्रदेशापुरती आहे. तिला तिच्या नदीतच राहू द्यावे हे उत्तम. नारिंगी क्रोमाइड जेमतेम ८ सेंटिमीटरचा असतो. पिवळसर नारिंगी अंग, त्यावर तांबड्या ठिपक्यांच्या ओळी आणि कुशीवर एक काळा डाग, असे त्याचे देखणे रूप आहे.

टाकी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच असावी. तीत ४० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले तर ते १६२ लिटर होते. वाळू, दगड व काच धरून हा भार २०० किलोग्रॅमच्या घरात जातो. तेव्हा साध्या टेबलावर ती ठेवणे धोक्याचे होय. थेट उन्हाची जागाही टाळावी, कारण तेथे शेवाळ माजते. तळाशी धुतलेली बारीक वाळू, काही गुळगुळीत दगड आणि आडवी ठेवलेली मातीची लहान कुंडी एवढी सजावट पुरे. हा मासा समुद्रकाठच्या गोड्या व मचूळ अशा दोन्ही पाण्यांत राहतो. त्यास किंचित अल्कधर्मी, जड पाणी मानवते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. येथे दोन ग्रॅम सागरी मीठ घातले तरी चालते. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर ते बहुधा आपोआप राखले जाते. दिल्ली, भोपाळ वा नागपूर येथे हिवाळ्यात मात्र विजेचा तापक लावावाच लागतो.

आता खरा प्रश्न येतो. टाकी सकाळी भरली, मासे संध्याकाळी आणले आणि आठपंधरा दिवसांत ते एकामागून एक मेले, हा अनुभव असंख्य नवशिक्यांना येतो. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते! दोष दुकानदारास दिला जातो. वास्तविक माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने कल्ले पोळून निघतात. नदीत अफाट पाण्यामुळे तो विरळ होतो, टाकीत साचतो. शिवाय पाणी जितके अल्कधर्मी, तितका त्याचा विषारी अंश अधिक. म्हणजे क्रोमाइडला आवडणाऱ्या पाण्यातच ही काळजी जास्त घ्यावयास हवी.

यावर उपाय आहे तो जिवाणूंचा. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषच, परंतु दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात, आणि ते त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जिवाणू वाळूवर, दगडांवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. ती वस्ती जमावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा न सोडता हवेचा पंप व गाळणी चालू ठेवावी आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावे; ते कुजून जिवाणूंना अमोनिया पुरविते. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू मिळाल्यास काम लवकर होते. पाणी तपासण्याच्या संचात अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली की टाकी तयार झाली. पुढे स्पंज धुताना तो नळाखाली धरू नये, नाहीतर क्लोरीनने सारी वस्ती नष्ट होते. टाकीतल्याच पाण्यात तो पिळून घ्यावा. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नव्या पाण्यातील क्लोरीन चोवीस तास उघडे ठेवल्याने उडून जातो. क्लोरॅमीन मात्र जात नाही, त्यासाठी क्लोरीननाशक द्रव्य वापरावे.

मासे प्रथम दोनतीनच सोडावेत. जिवाणूंची संख्या वाढण्यास अवधी देऊन मग आणखी तीनचार. आणलेली पिशवी पाव तास टाकीत तरंगत ठेवावी म्हणजे तापमान सारखे होते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. भुकेपेक्षा अतिआहारानेच घरचे मासे अधिक मरतात.

मासे मोठे झाले की त्यांतून एखादी जोडी आपोआप जमते. ती कुंडीचा वा दगडाचा पृष्ठभाग तोंडाने साफ करते, मादी त्यावर अंडी चिकटविते आणि दोघेही कल्ल्याजवळच्या परांनी त्यांना वारा घालतात. चारपाच दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. आईबाप त्यांना तोंडात धरून वाळूत खणलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. या दिवसांत इतर मासे जवळ आल्यास त्यांची धडगत नसते. सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. पोहू लागलेली पिल्ले आईबापांच्या अंगाला क्षणभर झटून जातात व त्यांच्या त्वचेवरील बुळबुळीत स्राव टिपून खातात. वॉर्ड व बार्लो या संशोधकांनी या वर्तनाचा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. शाळेतील टाकीसमोर बसलेल्या मुलांनाही ते साध्या डोळ्यांनी दिसते. मात्र त्यासाठी बराच वेळ स्वस्थ बसावे लागते.

एका विणीत शंभरावर पिल्ले होऊ शकतात व टाकी लवकरच अपुरी पडते. ती गावच्या तळ्यात सोडण्याचा मोह आवरावा. मोझांबिक तिलापिया हाही एक सिक्लिडच; १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज अनेक तळ्यांत व जलाशयांत देशी माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगत आहे. जादा पिल्ले दुसऱ्या शाळेस किंवा माहितगार दुकानदारास द्यावीत, आणि त्यांबरोबर जुन्या स्पंजाचा एक तुकडाही द्यावा.