एक मूल, पाच डॉक्टर, एकच फाइल

ऑफिसात पाच जणांची मीटिंग जमवताना आपल्या नाकी नऊ येतात. त्या पाचांत न्यूरोसर्जन, बालशल्यविशारद, युरॉलॉजिस्ट, ऑर्थोपेडिक आणि फिजिओथेरपिस्ट असले तर? आणि मीटिंग जमवणारा माझा वसमतचा मामेभाऊ, हळदीच्या आडतीवर हिशेब लिहिणारा!

त्याच्या मुलीला जन्मतःच स्पायना बायफिडा. गर्भात साधारण 28 दिवसांत मिटायला हवी ती मज्जारज्जूची नळी उघडीच राहते. (आई होण्याचा विचार असेल तर फॉलिक अ‍ॅसिड आधीपासूनच सुरू करतात ते यासाठी. महिना चुकल्यावर उशीर झालेला असतो.) पाठीचं ऑपरेशन पहिल्याच आठवड्यात झालं, पण खरं काम तिथून पुढे. डोक्यात पाणी साठतंय का, किडनीवर दाब येतोय का... प्रत्येक प्रश्नाला वेगळी ओपीडी, वेगळा वार. प्रत्येक नांदेड फेरीला एक खाडा.

खाड्याचं एक वेळ सोडा. पाचव्या वर्षी तिची लघवी जास्त गळू लागली. एकाने औषध बदललं. त्याच सुमारास पाऊल वाकलं. दुसऱ्याने बूट बदलला. पण उंची वाढताना खाली चिकटलेला मज्जारज्जू ताणला जातो, तेव्हा खुणा मूत्राशयात आणि पायात सोबतच दिसू शकतात. दोन्ही कागद शेजारी ठेवणारं कुणी हवं ना!

ते मुंबईत भेटलं. पूर्णेहून देवगिरी एक्स्प्रेस, मग परळचं वाडिया हॉस्पिटल. तिथे स्पायना बायफिडाचं वेगळं क्लिनिक आहे. डॉ. संतोष करमरकरांचं स्पायना बायफिडा फाउंडेशनही मुंबईत याच मुलांसाठी काम करतं. एमआरआय झाला, ऑपरेशन झालं, पाय आणखी वाकायचा थांबला.

वहिनी दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढायला शिकली. साधी युक्ती, अमेरिकेत डॉ. लॅपिडस यांनी 1972 मध्ये मांडली, किडन्या वाचतात त्या हिच्यामुळे. वाढदिवसाला रबरी फुगे मात्र बंद, या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी पटकन होते.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत, शाळेत मुलं तपासतात आणि त्यांच्या यादीत हा आजार पहिला आहे. तुमच्या गावी असं मूल असेल तर सुरुवात तिथून करा.

आता ती आठ वर्षांची आहे. नळी स्वतः वापरते. शाळेतल्या संडासाला आतून कडी नव्हती. ती भावाने स्वतः स्क्रू-ड्रायव्हर नेऊन बसवली.