‘कंपनीचा सपोर्ट नाही’ म्हणजे नेमके काय?

विद्यापीठात लिहिलेले सॉफ्टवेअर वेगळ्या जातीच्या यंत्रावर किंवा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते करणे, याला पोर्टिंग म्हणतात. या कामाभोवती एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीने स्वतः पोर्टिंग करून दिल्याशिवाय असे सॉफ्टवेअर तिच्या यंत्रावर चालत नाही, असे मानले जाते. यवतमाळ, पुसद किंवा वणीसारख्या ठिकाणी तर विक्रेत्याने ‘याला सपोर्ट नाही’ म्हटले की प्रयोगशाळेचा प्रस्ताव तिथेच गुंडाळला जाऊ शकतो. मग परवडत नसलेल्या व्यापारी सॉफ्टवेअरची दरपत्रके मागवायला सुरुवात होते.

‘सपोर्ट’ या शब्दात कंपनी दोनच गोष्टी कबूल करते. ठरावीक मॉडेल, ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरची विशिष्ट आवृत्ती एकत्र चालवून पाहिली आहे, ही पहिली. त्यात काही अडले तर तक्रार ऐकून घेतली जाईल, ही दुसरी. प्रमाणित जोड्यांची ही यादी यंत्र बनवणाऱ्या आणि व्यापारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या मिळून करतात. विद्यापीठातून आलेल्या सॉफ्टवेअरमागे अशी विक्री करणारी कंपनी बहुधा नसते, म्हणून त्याचे नाव तिथे नसते. ‘तपासलेले नाही’ आणि ‘चालत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि विक्रेत्याला फक्त पहिले करण्याचा अधिकार आहे.

स्पाइस हे विद्युत मंडलांचे गणित सोडवणारे सॉफ्टवेअर घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ते लिहिले आणि १९७३ मध्ये ते पुढे आले. आधी ते फोरट्रानमध्ये होते, तिसरी पिढी सी भाषेत लिहिली गेली आणि तिच्या मूळ संकेतावरून आजचे एनजीस्पाइस उभे राहिले. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ईसिम हे सॉफ्टवेअर त्याच एनजीस्पाइसवर चालते आणि उबंटू व विंडोज दोन्हींवर बसवता येते. पुसदच्या विद्यार्थ्याने ते बसवण्यासाठी वर्कस्टेशन कंपनीकडून पत्र आणण्याची काहीही गरज नाही.

इतिहासात तर गंगा बऱ्याचदा उलटी, म्हणजे विद्यापीठांकडून कंपन्यांकडे वाहिली. १९८३ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमरावती विद्यापीठ आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. तिकडे अमेरिकेत एमआयटीने डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने अथेना प्रकल्प सुरू केला, तोही त्याच वर्षी. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे विद्यार्थ्याला एकसारखी वापरता यावीत, हा प्रकल्पाचा हेतू होता आणि कंपन्यांनी त्यासाठी यंत्रे व अभियंते दिले. एक्स विंडो ही खिडक्यांची प्रणाली १९८४ मध्ये त्याच वातावरणात जन्मली. १९८७ च्या अकराव्या आवृत्तीनंतर डेक, सन, एचपी, आयबीएम अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या वर्कस्टेशनांवर तीच दिसू लागली. सनची ऑपरेटिंग सिस्टिम बर्कलीच्या युनिक्सवर बेतलेली होती. आयबीएमनेही आपल्या आरटी या वर्कस्टेशनसाठी बर्कलीचे युनिक्स पोर्ट करून विद्यापीठांना दिले. हे जमले, कारण मूळ संकेत हाती होता आणि यंत्रावर अवलंबून असलेला भाग उरलेल्या भागापासून वेगळा ठेवलेला होता. युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमांसाठीचे १९८८ चे पॉसिक्स मानक आल्यावर तर काम आणखी सोपे झाले.

कंपनीची मदत खरोखर लागते ती यंत्राच्या पोटात शिरावे लागते तिथे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर ज्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे पहिले प्रमुख होते, तिचा १९९१ चा परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर चिपांवर बांधलेला होता, तर १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क यंत्रांवर. अशा बदलात गणिताचा भाग बराचसा तसाच राहतो, पण प्रोसेसरांनी आपसात निरोप पाठवण्याचा भाग नव्या यंत्रासाठी पुन्हा बसवावा लागतो. आज हीच गोष्ट ग्राफिक्स कार्डांची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात सुरू झालेल्या ग्रोमॅक्स या रेणूगतिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाच्या अभियंत्यांनी स्वतः संकेत लिहिला आहे. क्यूडा या एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीत लिहिलेला तो भाग दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर आपोआप चालणार नाही. इथे ‘सपोर्ट आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘लिनक्स टाकले की वॉरंटी जाते’ हे सरसकट खरे नाही. लेनोवोने तर जून २०२० मध्ये आपली थिंकस्टेशन व थिंकपॅड पी ही संपूर्ण मालिका उबंटू आणि रेड हॅटसाठी प्रमाणित करण्याचे जाहीर केले होते. वॉरंटीच्या अटी तिच्या कागदावर असतात, विक्रेत्याच्या तोंडी नाही. ‘पुन्हा कंपाइल केले की पोर्टिंग झाले’ हेही अपुरे आहे. जुन्या स्पार्क यंत्रांवर आणि इंटेलच्या यंत्रांवर बाइटांचा क्रम उलटसुलट असल्याने जुन्या बायनरी फायली चुकीच्या वाचल्या जातात, तर दशांशाचे शेवटचे आकडे कंपायलरागणिक बदलू शकतात. म्हणून जुन्या यंत्रावरची उत्तरे जपून ठेवून नवी त्यांच्याशी ताडून पाहावी लागतात. ‘फुकट म्हणजे बिनशर्त’ असेही नसते, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या बीएसडी आणि जीपीएल या परवान्यांच्या अटी वेगळ्या आहेत. आणि ‘मदत इंग्रजीतच मिळते’ म्हणणाऱ्यांसाठी, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.