दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण

देखभालीसाठी हँगरमध्ये गेलेले विमान बाहेर आले म्हणजे ते पूर्वीपेक्षा अधिक निर्धोक झाले, असा सर्वसाधारण समज असतो. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु दुरुस्ती करावयाची म्हणजे काही भाग सोडवावे लागतात, काही तारा सुट्या कराव्या लागतात, काही छिद्रे झाकावी लागतात आणि काही खटके नेहमीच्या जागेवरून हलवावे लागतात. यांपैकी एखादी गोष्ट पूर्ववत करावयाची राहून गेली, तर काल सुस्थितीत असलेले विमान आज सदोष होऊन बसते. म्हणूनच देखभालीनंतरच्या पहिल्या उड्डाणापूर्वी वैमानिकाने करावयाच्या तपासणीला विशेष महत्त्व आहे.

या तपासणीत सर्वांत प्रथम विचार करावा लागतो तो नियंत्रक पृष्ठांचा. विमानाच्या प्रत्येक पंखाच्या मागील कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर वरखाली होणारी एक फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने नियंत्रण-दांडा उजवीकडे नेला की उजव्या पंखावरील एलेरॉन वर उचलला जातो, डाव्या पंखावरील खाली जातो आणि विमान उजवीकडे कलते. या जोडणीतील तारा उलटसुलट बसल्या, तर दांडा उजवीकडे नेताच विमान डावीकडे कलेल. वैमानिक ते सावरण्यासाठी दांडा आणखी उजवीकडे नेईल आणि कल अधिकच वाढत जाईल.

ही केवळ कल्पना नव्हे. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधील वुडफर्ड येथे ॲव्हरो कंपनीचे ट्यूडर जातीचे एक विमान चाचणीसाठी निघाले आणि जमीन सोडताच कोसळले. आदल्या रात्रीच्या कामात एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचे अभिकल्पक रॉय चॅडविक आणि चाचणी-वैमानिक बिल थॉर्न यांच्यासह चार जणांना या अपघातात मृत्यू आला.

उड्डाणापूर्वी दांडा सर्व दिशांना शेवटपर्यंत फिरवून पाहण्याची प्रथा जुनी आहे. मात्र दांडा अडखळत नाही आणि पृष्ठे पुरेपूर हलतात, एवढेच पाहून भागत नाही; ती योग्य दिशेने हलतात की नाही, हेही पाहावे लागते. २० मार्च २००१ रोजी फ्रँकफुर्ट येथून निघालेल्या लुफ्तान्सा कंपनीच्या एअरबस ए-३२० विमानाने हा धडा नव्याने दिला. दुरुस्तीच्या वेळी मुख्य वैमानिकाच्या दांड्याशी संबंधित विद्युत-तारांची अदलाबदल झाली होती. निघण्यापूर्वीच्या तपासणीत पृष्ठे हलल्याचे दिसले, परंतु दिशेतील चूक ध्यानात आली नाही. जमीन सोडताच विमान डावीकडे कलले आणि सावरण्याच्या प्रयत्नाबरोबर कल वाढत गेला. सहवैमानिकाचा दांडा निर्दोष होता. त्याने तत्काळ नियंत्रण आपल्याकडे घेतले, म्हणूनच सर्व प्रवासी बचावले.

तपासणीचा दुसरा भाग म्हणजे विमानाभोवती पायी घातलेली फेरी. विमानाच्या पृष्ठभागावर बाहेरील हवेचा दाब मोजण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. उंची वाढते तसा हा दाब कमी होतो. उंचीमापक व वेगमापक ही दोन्ही उपकरणे त्यावर अवलंबून असतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील लिमा येथून रात्री सांतियागोकडे निघालेल्या एरोपेरू कंपनीच्या बोइंग ७५७ विमानाची ही छिद्रे धुलाईच्या वेळी चिकटपट्टीने झाकली होती. काम संपल्यावर पट्टी काढण्याचे राहिले, आणि फेरीतही ती कोणाच्या नजरेस पडली नाही. हवेत गेल्यावर वेग अतोनात वाढल्याचे आणि धोकादायक इतका घटल्याचे इशारे एकाच वेळी मिळू लागले. खाली काळोखा समुद्र होता. जमिनीवरील नियंत्रकाने कळविलेली उंचीही चुकीची होती, कारण ती त्याच विमानातील उपकरणांकडून येत होती. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण मरण पावले. अशी छिद्रे झाकण्यासाठी लांब, लाल फीत असलेली आवरणे वापरावीत असा दंडक आहे, त्याचे कारण हेच. पट्टीचा रंग विमानाच्या रंगात मिसळतो. वाऱ्यावर फडफडणारी लाल फीत दुरूनही दिसते.

तिसरा भाग वैमानिक-कक्षातील खटक्यांचा. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाका येथून निघण्यापूर्वी हेलिऑस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानातील हवेच्या दाबाची व्यवस्था जमिनीवर तपासण्यात आली होती. त्यासाठी स्वयंचलित स्थितीतून हस्तचलित स्थितीत आणलेला खटका तसाच राहिला. वैमानिकांच्या तपासणी-यादीत हा खटका पाहण्याचे कलम होते, तरीही तो नजरेतून सुटला. नेहमी योग्य जागी असणारी वस्तू आजही तेथेच असणार, असे डोळे गृहीत धरतात. प्राणवायूच्या अभावी वैमानिक बेशुद्ध पडले, विमान ग्रीसमध्ये कोसळले आणि १२१ जण प्राणास मुकले.

अर्थात वैमानिकाच्या तपासणीलाही मर्यादा आहेत. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच हवेत असताना निखळली आणि मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले व विमान साउदॅम्प्टनला उतरविण्यात आले, तो वाचला. आदल्या दिवशीच काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे वापरले गेले होते. असा दोष बाहेरून पाहून ओळखणे वैमानिकाला शक्य नव्हते. यासाठीच महत्त्वाच्या जोडण्या एका तंत्रज्ञाने केल्यावर दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासाव्यात, असा नियम असतो. मोठ्या कामानंतर प्रवासी न घेता चाचणी-उड्डाणही करतात.

वैमानिकाला या बाबतीत मोठे साहाय्य होते ते विमानाच्या तांत्रिक नोंदवहीचे. कोणता भाग उघडला, काय बदलले आणि काम पुरे झाल्याची सही कोणी केली, हे तिच्यात लिहिलेले असते. जाणता वैमानिक सही पाहून वही मिटत नाही. ज्या भागाला हात लागला असेल, त्याची तो अधिक बारकाईने पाहणी करतो. शंका वाटल्यास तंत्रज्ञाला बोलावून विचारतो. यात तंत्रज्ञावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. रात्रपाळीत थकलेल्या माणसाच्या हातून चूक होऊ शकते, तशीच घाईत असलेल्या वैमानिकाच्या हातूनही. दोघांची चूक एकाच जागी, एकाच दिवशी होऊ नये, एवढ्यासाठीच ही दुहेरी व्यवस्था आहे. दुसऱ्याने नीट पाहिलेच असेल असे दोघेही मानू लागले, तर ती केवळ कागदावर उरते.