जाळ्यात सापडली माहेरवाशीण

जगातला सर्वात मोठा मासा जाळ्यात सापडावा आणि मच्छीमाराने स्वतःच्या हाताने जाळे कापून त्याला सोडून द्यावे, हे कुणाला खरे वाटेल? पण गुजरातच्या किनाऱ्यावर असे 900 हून अधिक वेळा घडले आहे.

पावसाळा सरला की वेरावळ, मांगरोळ, सूत्रापाडा अशा बंदरांतून होड्या खोल समुद्रात निघतात. एका होडीवर सात-आठ जण. बहुतेक एकाच वस्तीतले, लहानपणापासूनचे मित्र, नाहीतर भाऊ-साडू. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च निघण्याआधीच होऊन बसलेला असतो. म्हणून जाळे जड लागले की सगळ्यांचेच चेहरे खुलतात. पण कधी कधी जाळे वर येतच नाही. पाण्याखाली राखाडी पाठ आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके दिसतात, आणि आत काय सापडले आहे ते खलाशांच्या लक्षात येते. तो असतो व्हेल शार्क.

हत्तीहून जड, पण निरुपद्रवी

नावात 'व्हेल' असले तरी हा देवमासा नव्हे, मासाच आहे. 12 मीटर लांबीचा व्हेल शार्क हत्तीहूनही जड भरतो. काही तर 18 मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. त्याचे तोंड अजस्र असले तरी तो माणसाच्या वाटेला जात नाही. तोंड उघडे ठेवून तो पोहतो आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव व लहान मासळी खातो.

मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे 300 पिल्ले आढळली होती. म्हणजे गाभण मादी मारली गेली, तर एका फटक्यात केवढा वंश बुडतो, याची कल्पना करा.

जेव्हा हीच मासळी लॉटरी होती

सौराष्ट्रात पूर्वी या माशाच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडत. त्यामुळे लाकडात पाणी मुरत नसे. मांसाला मात्र स्थानिक गिऱ्हाईक नव्हते. पुढे परदेशातून मांसाला आणि परांना मागणी आली आणि 1990 च्या दशकात शिकार झपाट्याने वाढली. मोठा लोखंडी गळ माशाच्या अंगात रुतवायचा आणि त्याच्या दोराला रिकामी पिंपे बांधायची. पिंपे पाण्यावर तरंगत राहत, मासा ती ओढून ओढून थकून जाई. त्यावरून किनाऱ्यावर या माशाचे नावच 'बॅरल' पडले.

माइक पांडे यांनी या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. 2000 मध्ये त्याला 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला आणि देशभर खळबळ उडाली. 2001 मध्ये सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला असलेले संरक्षण भारतात प्रथमच एका माशाला मिळाले.

कायद्याने जमले नाही, ते लेकीने केले

पण भर समुद्रात पहारा कोण देणार? पोट हातावर असलेल्या माणसाला नुसत्या कैदेची भीती घालून भागत नाही. हे ओळखून 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वन खाते आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापूंनी तिला आपला आवाज दिला. 'ही मासळी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली आपली लेक आहे, दारी आलेल्या लेकीला कुणी मारते का?' असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. गावोगावी याच कल्पनेवर पथनाट्ये झाली. हवा भरलेली खऱ्या आकाराची प्रतिकृती बंदराबंदरांत फिरली. गुजरातीत 'व्हाली' म्हणजे लाडकी. 'व्हेल'ची 'व्हाली' झाली आणि कालची शिकार घरातली मुलगी ठरली.

भावनेला व्यवहाराची जोडही मिळाली. कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची सोय झाली. सुरुवातीला वन खात्याचा माणूस होडीपर्यंत पोहोचेस्तोवर मासा अडकूनच राहायचा. पुढे मच्छीमारांना कॅमेरे देण्यात आले. आता त्यांनीच जाळे कापायचे, त्याचा फोटो घ्यायचा आणि तो पुरावा म्हणून दाखवायचा. त्यामुळे माशाची सुटका लवकर होऊ लागली.

आपल्या किनाऱ्यावरही

महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 मध्ये कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी अशीच योजना आणली. व्हेल शार्क, डॉल्फिन, समुद्री कासव असा संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई ठरली. त्यासाठी सुटकेचे फोटो द्यावे लागतात.

असा प्रसंग आला तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

* इंजिन बंद करावे, म्हणजे पंख्याने माशाला इजा होणार नाही.
* शेपटीला दोर बांधून मासा किनाऱ्याकडे ओढू नये.
* त्याला होडीवर घेण्याचा प्रयत्न करू नये.
* जाळे होडीवरूनच कापावे. पाण्यात उडी घेऊ नये. मासा निरुपद्रवी असला तरी त्याच्या शेपटीचा एक फटकाही जीवघेणा ठरू शकतो.

एक हिशेब मात्र अजून बाकी राहतो. भरपाई मिळते ती जाळ्याची. त्या दिवशी हातची गेलेली मासळी, वाया गेलेले डिझेल आणि नवे जाळे येईपर्यंतचे रिकामे दिवस कुणी भरून देत नाही. तो खर्च सात-आठ घरे मुकाट्याने सोसतात. बाजारात मासळीच्या भावावरून घासाघीस करताना आपण एवढे जरी आठवले, तरी त्या माहेरवाशिणीच्या पाठवणीला आपला हातभार लागेल.