अर्धं आयुष्य जेम्स ब्राऊनची नक्कल केली, 62 व्या वर्षी स्वतःचा पहिला अल्बम आला

साल 1962. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर. ब्रुकलिनच्या गरीब घरातल्या एका पोराला त्याची बहीण जेम्स ब्राऊनचा शो बघायला घेऊन गेली. पोरगं घरी आलं ते झपाटूनच. त्याने झाडूला दोरी बांधली आणि आरशासमोर सुरू. माईकचा स्टँड ढकलायचा, पडायच्या आत वायर ओढून परत हातात घ्यायचा, ही ब्राऊनची खास अदा तो झाडूवर घोटत बसला.

त्या पोराचं नाव चार्ल्स ब्रॅडली.

पुढे काय झालं? तर फारसं काहीच नाही. कुठे आचारी म्हणून काम, कुठे पडेल ते काम. रात्री 'ब्लॅक व्हेलव्हेट' या नावाने क्लबमध्ये जेम्स ब्राऊनची गाणी म्हणायची. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ किशोर' असतो ना, तसंच.

अशाच एका कार्यक्रमात डॅपटोन रेकॉर्ड्सच्या गेब रॉथने त्याला हेरलं. ब्रुकलिनची ही छोटी कंपनी कॉम्प्युटरच्या जमान्यातही जुन्या टेप मशीनवर रेकॉर्डिंग करायची. खरेखुरे वादक, खरा ब्रास सेक्शन, साठच्या दशकातल्या सोल संगीतासारखा आवाज. अखेर 2011 मध्ये ब्रॅडलीचा पहिला अल्बम आला, 'नो टाइम फॉर ड्रीमिंग'. वय वर्षं 62.

आता तुम्ही म्हणाल, मग ही पण नक्कलच की! कपडे चमचमते, नाच ब्राऊनचा, किंकाळीही तशीच. पण गाणी त्याची स्वतःची होती. त्याच्या भावाचा गोळी घालून खून झाला होता. 'हार्टेक्स अँड पेन' हे गाणं त्यावरचं. ते गाताना तो घामाने निथळायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. असलं दुःख कुणाकडून उसनं आणता येत नाही.

त्याच्या शोला गेलेल्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहायचा तो शेवट. गाणी संपत आली की ब्रॅडली स्टेजवरून खाली गर्दीत उतरायचा आणि दिसेल त्याला मिठी मारत सुटायचा. फोटोपुरती हलकी मिठी नाही, घट्ट. अनोळखी माणसं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. एकेकाळी अपोलोतल्या खुर्चीत बसलेल्या या माणसाला समोर उभ्या चाहत्याची रात्र काय असते, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

2016 मध्ये त्याला पोटाचा कॅन्सर असल्याचं कळलं. उपचार घेऊन 2017 मध्ये तो पुन्हा स्टेजवर आला, पण आजार यकृतापर्यंत पसरला. 23 सप्टेंबर 2017 ला वयाच्या 68 व्या वर्षी तो गेला. पहिला अल्बम येऊन तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती.